नेत्रदान: फोन कधी करायचा, डोळे कसे राखायचे आणि कॉर्निया पुढे कुठे जातो

अर्ज भरलेला असतो, कार्ड पाकिटात असतं, आणि नेत्रपेढीत फोन येतो तो दुसऱ्या दिवशी दुपारी. "बाबांनी नेत्रदान केलं होतं, तुमच्याकडून कुणी आलंच नाही." नेत्रपेढीच्या फोनवर बसायचो तेव्हा हे वाक्य इतक्या वेळा ऐकलं, की समोरच्याचं बोलणं पूर्ण होण्याआधीच पोटात गोळा यायचा. बाबांनी इच्छा नोंदवली होती. नेत्रदान करायचं होतं ते घरच्यांनी, आणि त्यासाठी हातात होते जेमतेम सहा तास. मृत्यू झाल्याचं नेत्रपेढीला आपोआप कळत नाही. कुणीतरी फोन करावा लागतो.

पुढचे टप्पे वाचण्याआधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा, म्हणजे प्रत्येक सूचनेमागचं कारण आपोआप कळेल. दुसऱ्या माणसाला अख्खा डोळा बसवता येत नाही. बसवतात तो फक्त कॉर्निया, म्हणजे बुबुळावरचा पारदर्शक पडदा: मनगटी घड्याळावरच्या काचेसारखा, मध्यभागी साधारण अर्धा मिलिमीटर जाड आणि साडेअकरा मिलिमीटर रुंद. त्याच्या अगदी आतल्या बाजूला पेशींचा एकच थर असतो, त्याला एन्डोथेलियम म्हणतात. कॉर्नियात झिरपणारं पाणी सतत उपसून बाहेर टाकणं हे या पेशींचं काम. त्या थकल्या की कॉर्निया फुगतो आणि दुधाळ होतो. माणसात या पेशी मेल्या की त्यांच्या जागी नव्या येत नाहीत. मृत्यूनंतर त्यांची गळती सुरू होते. सगळी धावपळ आहे ती या एका थरासाठी.

## टप्पा १: आधीची तयारी

अर्ज जरूर भरा, पण अर्जापेक्षा घरात बोलणं महत्त्वाचं. बहुतेक ठिकाणी मृत्यूनंतर जवळच्या नातेवाइकाची लेखी संमती लागते. कार्ड असूनही मुलगा किंवा पत्नी नको म्हणाली, तर पथक सहसा परत फिरतं. उलट, अर्ज कधीच भरला नसला तरी घरच्यांची तयारी असेल तर नेत्रदान होऊ शकतं. हे अनेकांना माहीतच नसतं, आणि "त्यांनी फॉर्म कुठे भरला होता?" असं म्हणून विषय तिथेच मिटतो.

तयारी म्हणून एवढं करून ठेवा:

1. जवळच्या नेत्रपेढीचा चोवीस तास चालणारा नंबर किमान तिघांच्या मोबाइलमध्ये 'नेत्रपेढी' याच नावाने साठवा. कपाटातल्या कार्डावरचा नंबर रात्री दोन वाजता कुणाला सापडत नाही.
2. फोन कोण करणार हे आधीच ठरवा. शक्यतो सगळ्यात जवळचं माणूस नको. ते त्या वेळी फोन करण्याच्या अवस्थेत नसतं. पुतण्या, जावई, शेजारी, कुणीही चालेल.
3. आजारपणाची फाइल, तपासण्यांचे कागद आणि ओळखपत्र एका पिशवीत ठेवा.

या टप्प्यावरची सगळ्यात मोठी चूक म्हणजे परस्पर निकाल लावणं. "त्यांना चष्मा होता", "साखर होती", "मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं", "वय ऐंशीच्या पुढे होतं". यातल्या कशानेही नेत्रदान आपोआप बाद होत नाही. चष्म्याचा नंबर लागतो तो बहुधा डोळ्याच्या आकारामुळे किंवा भिंगामुळे; मोतीबिंदू असतो भिंगात. कॉर्निया निराळा. लेसर करून चष्मा घालवलेल्यांचा कॉर्निया संपूर्ण जाडीच्या रोपणाला चालत नाही, पण त्याचा आतला थर वापरता येऊ शकतो. रेबीज, एचआयव्ही, बी किंवा सी प्रकारची कावीळ, मेंदूचा विषाणुजन्य दाह, रक्ताचा कर्करोग, रक्तात पसरलेला जंतुसंसर्ग किंवा मृत्यूचं कारणच माहीत नसणं, अशा वेळी मात्र कॉर्निया रोपणासाठी घेत नाहीत. इतर बऱ्याच कर्करोगांत घेता येतो. तुम्ही फोन करा. हो की नाही ते त्यांना ठरवू द्या.

## टप्पा २: मृत्यूनंतरचा पहिला अर्धा तास

डॉक्टरांनी मृत्यू झाल्याचं सांगितल्यावर या क्रमाने करा.

1. पापण्या मिटवा. बोटांनी हलकेच, काही क्षण धरून. उघडा राहिलेला डोळा भराभर वाळतो.
2. लगेच फोन लावा. मृत्यूची नेमकी वेळ, वय, कारण, पत्ता आणि घराजवळची ओळखीची खूण सांगा. "आत्ताच गेले" ही वेळ नव्हे. घड्याळ बघून सांगा. झोपेत मृत्यू झाला असेल तर शेवटचं बोलताना किंवा हालचाल करताना कधी पाहिलं, तेही सांगा.
3. पंखा बंद करा. वातानुकूलन असेल तर चालू ठेवा. गारवा हवा, वारा नको.
4. डोक्याखाली उशी द्या. डोकं वीतभर वर राहिलं की चेहऱ्याकडे रक्त कमी साठतं. डोळे काढताना रक्तस्राव कमी होतो आणि नंतर पापण्यांभोवती सूज किंवा काळेनिळेपणा येत नाही.
5. मिटलेल्या पापण्यांवर ओला कापूस ठेवा. स्वच्छ पाण्यात बुडवून, पिळून. अर्ध्या तासाने पुन्हा ओला करा.

क्रमांक तीनकडे सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं, म्हणून थोडं थांबतो. घरात माणसं जमतात, उकडतं, कुणीतरी सवयीने पंखा लावतं. अशाच एका घरी आम्ही दीड तासात पोहोचलो होतो, म्हणजे वेळेच्या हिशेबाने उत्तम. पापण्या मात्र पूर्ण मिटलेल्या नव्हत्या, फट राहिली होती आणि वर पंखा गरगरत होता. टॉर्चच्या उजेडात दोन्ही कॉर्नियांच्या खालच्या भागात आडवा, मळकट पट्टा स्पष्ट दिसला; वर काच लख्ख, खाली जणू कुणी बोट पुसलेलं. फट जिथे होती नेमकी तिथे. पंखा लावणाऱ्याचा काय दोष? त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

सावधान: बर्फ थेट डोळ्यावर ठेवू नका. कापडात गुंडाळून कपाळावर ठेवलेला चालतो. डोळ्यांत कुठलंही तेल, मलम, पावडर घालू नका. औषधाचे थेंब नेत्रपेढीने फोनवर सांगितले तरच.

वेळेचा हिशेब: चार ते सहा तासांत डोळे काढून व्हावेत हे उद्दिष्ट. शरीर शीतगृहात ठेवलं असेल तर काही नेत्रपेढ्या त्यानंतरही घेतात, पण ते त्यांच्या निकषांवर. शीतगृहात ठेवलंय म्हणून फोन सकाळी करू, असं कधीच करू नका. थंडीमुळे पेशींची गळती मंदावते, थांबत नाही.

मृत्यू रुग्णालयात झाला तर वॉर्डातल्या परिचारिकेला किंवा ड्युटीवरच्या डॉक्टरांना ताबडतोब सांगा, मृतदेह हलवण्याआधी. अपघात किंवा पोलिस तपासाचं प्रकरण असेल तरी नेत्रदान शक्य असतं, पण तपास अधिकाऱ्यांची परवानगी आधी लागते. ही गोष्ट फोनवरच सांगितली तर परवानगीचं काम वेळेत सुरू होतं.

## टप्पा ३: पथक आल्यावर

कागद आधी, डोळे नंतर. संमतीपत्रावर जवळच्या नातेवाइकाची सही आणि साक्षीदार लागतात. मृत्यूचा दाखला किंवा डॉक्टरांचं पत्र आणि आजारपणाची फाइल बघितली जाते. मग काही प्रश्न विचारतात: अलीकडे रक्त चढवलं होतं का, कुत्रा चावला होता का, ताप किती दिवस होता, नशा किंवा व्यसन काही होतं का. त्या घडीला हे प्रश्न टोचतात. तरी खरं ते सांगा. लपवलेली माहिती पुढे एखाद्या अनोळखी माणसाच्या डोळ्यात जाऊन बसू शकते.

खोलीत हवा उजेड, एक टेबल किंवा स्टूल, आणि पथकाला पंधरा-वीस मिनिटं निवांतपणा. मृतदेह कुठेही हलवावा लागत नाही. अर्ध्या तासाच्या आत काम आटोपतं आणि अंत्यविधीला उशीर होत नाही.

आत काय चालतं? आधी ओळख पटवतात. टॉर्चने दोन्ही कॉर्निया तपासतात. रक्ताचा नमुना घेतात. यावरून घरची माणसं हमखास बावरतात, पण संसर्गाच्या तपासण्या याच नमुन्यावर होतात. तो मिळाला नाही तर कॉर्निया असून नसल्यासारखा. मग पापण्या आणि भोवतालची त्वचा पुसून डोळ्यात पोव्हिडोन-आयोडीनचं सौम्य द्रावण सोडतात, आणि ते सलाइनने पूर्णपणे धुतात. हे धुणं मनापासून करावं लागतं, कारण आयोडीन जंतूंना मारतं तसंच कॉर्नियाच्या पेशींनाही इजा करतं.

पुढे दोन पद्धती आहेत. एकीत अख्खा नेत्रगोल काढून ओलसर कुपीत ठेवतात. दुसरीत नेत्रगोल जागेवरच राहतो आणि कॉर्निया तेवढा काढतात, भोवती दोन ते चार मिलिमीटर पांढऱ्या भागाची कड ठेवून. हातात कसब असेल तर दुसरी पद्धत सरस, असं माझं मत. चेहऱ्याला धक्का कमी लागतो आणि कॉर्निया लगेच पोषक द्रावात जातो. अवघड क्षण एकच: कडेने गोल कापून झाल्यावर आतली बुबुळाची चकती खाली सोडवत कॉर्निया उचलायचा. तो कागदासारखा दुमडला तर दुमडीच्या रेषेवरच्या पेशी जागीच मरतात. म्हणून चिमट्याने फक्त पांढरी कड धरायची, पारदर्शक भागाला स्पर्श नाही.

शेवटी जागेवर प्लॅस्टिकची वाटीसारखी टोपी किंवा कापूस ठेवून पापण्या मिटवतात. चेहऱ्यावर खड्डा राहत नाही.

पथक निघण्याआधी तपासा: चेहरा बघून घ्या. बाटल्यांवर डावा-उजवा, तारीख, वेळ लिहिली आहे का ते विचारा; विचारलेलं कुणाला वावगं वाटत नाही. संपर्काचा नंबर घ्या. नंतर पापणीतून थोडं रक्त आलं तर स्वच्छ कापसाने काही मिनिटं हलकेच दाबून धरा आणि त्या नंबरवर कळवा.

## टप्पा ४: नेत्रपेढीतली पारख

इथे वाचकांचा सगळ्यात मोठा अपेक्षाभंग होतो, म्हणून आधीच सांगतो: दान मिळालेला प्रत्येक कॉर्निया रोपणाला लायक ठरत नाही. त्यात तुमच्या दानाचा दोष नसतो.

कॉर्निया साठवतात तो पोषक द्रावात, दोन ते आठ अंश सेल्सिअस तापमानाला. या द्रावाला माध्यम म्हणतात. एम-के नावाच्या माध्यमात कॉर्निया चार दिवस टिकतो, ऑप्टिसोलसारख्या माध्यमात चौदा दिवसांपर्यंत. शरीराच्या तापमानाच्या आसपास ठेवून चार आठवड्यांपर्यंत टिकवण्याचीही एक पद्धत आहे. माध्यमात लाल-गुलाबी रंग असतो. आत जंतू वाढून आम्लता आली की तो पिवळा पडतो. त्यामुळे शीतकपाट उघडलं की बाटलीचा रंग पाहायचा, मग चिठ्ठी वाचायची, अशी डोळ्यांना सवयच लागते.

पारख दोन यंत्रांवर होते. स्लिट लॅम्पवर व्रण, सूज, घड्या, जुने टाके दिसतात. स्पेक्युलर सूक्ष्मदर्शकावर आतल्या थराच्या पेशी मोजतात: षट्कोनी, मधाच्या पोळ्यासारख्या. प्रौढ डोळ्यात प्रति चौरस मिलिमीटर साधारण २५०० ते ३००० असतात. आतला थर रोपायचा असेल तर निदान २००० च्या पुढे हव्यात, असा निकष अनेक ठिकाणी पाळतात.

नव्या तंत्रज्ञांची नेहमीची चूक: शीतकपाटातून बाटली काढून थेट यंत्राखाली. गार कॉर्नियातल्या पेशींच्या सीमा धूसर दिसतात, मोजणी चुकते आणि चांगला कॉर्निया नापास होतो. बाटली खोलीच्या तापमानाला तास-दीड तास येऊ द्यायची, मगच मोजायचं.

दरम्यान रक्ताच्या नमुन्यावर एचआयव्ही, दोन्ही कावीळ आणि सिफिलिस यांच्या तपासण्या होतात. अहवाल हातात येईपर्यंत कॉर्निया बाहेर जात नाही. जो दृष्टीसाठी चालत नाही तो सर्जनांच्या प्रशिक्षणाला आणि संशोधनाला जातो. डोळ्याला भोक पडलेल्या रुग्णाचा डोळा वाचवण्यासाठी ग्लिसरीनमध्ये टिकवलेला कॉर्नियाही कामी येतो. पांढरा भाग काही काचबिंदूच्या शस्त्रक्रियांत ठिगळ म्हणून वापरतात.

## टप्पा ५: कुणाला उपयोग, कुणाला नाही

"काकांना काचबिंदूने दिसत नाही, त्यांना बसवा ना." ही विनंती दर महिन्याला येते. काचबिंदूत जाते ती दृष्टीची नस. कॅमेऱ्याच्या आतली वायर तुटलेली असताना पुढची काच बदलून चित्र येत नाही. दृष्टिपटलाच्या, म्हणजे डोळ्याच्या मागच्या पडद्याच्या, आजारांचंही तेच.

उपयोग होतो तो कॉर्नियाच खराब असेल तेव्हा: जखमेने किंवा जंतुसंसर्गाने डोळ्यात फूल पडलेलं, कॉर्निया शंकूसारखा पुढे आलेला, मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर फुगून राहिलेला किंवा आतला थर आनुवंशिक आजाराने झिजलेला. रोपणाआधी रुग्णाला चारही दिशांनी येणारा उजेड कळतो का ते बघतात, डोळ्यातला दाब मोजतात, आणि फुलामुळे आतलं दिसत नसेल तर सोनोग्राफीने दृष्टिपटल जागेवर आहे ना याची खात्री करतात. ही पायरी गाळली तर काच लख्ख बसते आणि दृष्टी शून्य.

कॉर्नियात रक्तवाहिन्या नसतात, त्यामुळे सर्वसाधारण रुग्णात रक्तगट जुळवावा लागत नाही. प्रतीक्षायादीचा क्रम असतो. डोळ्याला भोक पडण्याच्या बेतात असलेला रुग्ण आधी घेतात. दात्याचं नाव रुग्णाला आणि रुग्णाचं दात्याच्या घरच्यांना सांगत नाहीत. कितीही आग्रह केला तरी.

## टप्पा ६: रोपण

पूर्वी एकच उत्तर होतं: खराब कॉर्निया गोल कापून काढायचा, तिथे दात्याचा पूर्ण जाडीचा तुकडा शिवायचा. आजही खोल डागांसाठी हेच करतात. दात्याचा तुकडा पाव ते अर्धा मिलिमीटर मोठा कापतात आणि केसाहून बारीक नायलॉनच्या, बहुधा सोळा, टाक्यांनी बसवतात. दृष्टी स्थिरावायला अनेक महिने, कधी वर्षही लागतं.

आता मात्र खराब झालाय तेवढाच थर बदलण्याकडे कल आहे. पुढचे थर खराब आणि आतला थर शाबूत असेल तर रुग्णाचा स्वतःचा आतला थर राखून पुढचे बदलतात. त्यामुळे आतला थर नाकारला जाण्याचा धोकाच उरत नाही. उलट असेल तर फक्त आतला थर बदलतात. त्यातल्या सगळ्यात नाजूक प्रकारात दात्याचा पापुद्रा मिलिमीटरच्या दीड-दोन शतांश भागाएवढाच जाड असतो. निळ्या रंगात बुडवला नाही तर दिसतसुद्धा नाही. सोडवला की आपोआप गुंडाळी होतो, पेशींची बाजू बाहेर. ती गुंडाळी बारीक नळीतून डोळ्यात सोडायची, बाहेरून कॉर्नियावर टिचक्या मारत मारत उलगडायची आणि खालून हवेचा किंवा वायूचा बुडबुडा भरून वर चिकटवायची. उलटी बसली तर सगळं वाया.

एका कॉर्नियाचे थर असे दोन रुग्णांत वाटताही येतात. एका दात्यामुळे दोघांनाच दिसतं, हे गणित आता तितकं पक्कं राहिलेलं नाही.

रुग्णासाठी इशारा: बुडबुडा भरला असेल तर सांगितलेले तास-दिवस उताणंच झोपायचं. जेवायला आणि संडासला उठायचं तेवढंच. "कंटाळा आला म्हणून कुशीवर झालो" यात पापुद्रा सुटतो आणि पुन्हा शस्त्रक्रियागृह. डोळ्यात वायू असेपर्यंत विमानप्रवास नाही.

## टप्पा ७: शस्त्रक्रियेनंतरची वर्षं

यशस्वी रोपणं हातची जातात ती बहुतेक इथेच, आणि कारण साधं असतं. दिसायला लागलं, की थेंब बंद. स्टेरॉइडचे थेंब महिनोन्‌महिने, काहींना वर्षानुवर्षं घालावे लागतात. ते कमी कधी आणि किती करायचे हे डॉक्टर ठरवतात. बाटली संपणं हे औषध संपल्याचं लक्षण नव्हे. याच थेंबांनी डोळ्यातला दाब वाढू शकतो, म्हणून सगळं छान दिसत असतानाही तपासणीची तारीख चुकवायची नाही.

डोळा चोळू नका. सुरुवातीचे आठवडे रात्री संरक्षक कवच लावून झोपा. टाके एकदम निघत नाहीत. वर्ष-दीड वर्षात डॉक्टर ते गरजेप्रमाणे सोडवत जातात, आणि त्यानंतर चष्मा लागू शकतो. अचानक काहीतरी टोचायला लागलं तर टाका सैल झालाय असं समजा. सैल टाक्याच्या वाटेने जंतू आत शिरतात.

आणि चार लक्षणं घरातल्या प्रत्येकाला माहीत हवीत: डोळा लाल होणं, उजेड सहन न होणं, अंधुक दिसायला लागणं, दुखणं. यातलं एक जरी दिसलं तरी त्याच दिवशी डॉक्टरकडे. शरीर नवा कॉर्निया नाकारायला लागलं असेल तर लवकर सुरू केलेल्या थेंबांनी तो बऱ्याचदा वाचतो. हे रोपणानंतर दोन महिन्यांनी होऊ शकतं, तसंच दहा वर्षांनीही. रोज सकाळी चांगला डोळा हाताने झाकून भिंतीवरच्या कॅलेंडरमधली तारीख वाचायची. काल वाचता आलेला आकडा आज पुसट वाटला, तर फोन करायला दुपारची वाट बघू नका.